वर सफरचंद, पण खाली काय?

  

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज सफरचंदाचं झाड. तेही संगमनेरात, आमच्या घराच्या कंपाउंडच्या भिंतीवर. हसू आलं ना? आमच्या गल्लीतही सगळे हसले होते. पण या झाडापायी मी एक प्रश्न विचारायला शिकले आणि या दिवाळीत त्याच प्रश्नामुळे आमच्या घरातला लाखाच्या वरचा एक खर्च थांबला. डिसेंबर-जानेवारीत हिमाचलची रोपं आपल्याकडे यायला लागतात, फोनवर जाहिराती सुरू होतात. म्हणून हा भाग आत्ताच करतेय.

ओळख थोडक्यात. मी बीटेक केलं, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, महिन्यातले बरेच दिवस संगमनेरहून काम करते. आमचं घर प्रवरेच्या बाजूला. अंगण छोटं. पण कंपाउंडची एक भिंत २८ फूट लांब आणि ५ फूट उंच आहे. भिंत आणि गाडी लावायची जागा यांच्यामध्ये अडीच फुटांची मातीची पट्टी. तिथे आईची तुळस, गवती चहा, आणि बाकी सगळं रिकामं.

लॉकडाऊनमध्ये मी एक व्हिडिओ पाहिला. इंग्लंडमधली जुनी बाग, विटांची भिंत आणि तिला चिकटून चपटं वाढवलेलं सफरचंदाचं झाड. मधे सरळ खोड, दोन्ही बाजूंना तारांवर बांधलेल्या आडव्या फांद्या, शिडीसारख्या. या पद्धतीला एस्पॅलिअर म्हणतात. झाडाची जाडी जेमतेम हातभर. मला वाटलं, अरे, ही तर आपल्या अडीच फुटी पट्टीसाठीच बनलेली गोष्ट आहे!

मग मी काय केलं? तुम्ही केलं असतं तेच. ऑनलाइन ऑर्डर. जानेवारी २०२२ मध्ये दोन रोपं आली. लेबलवर जातीचं नाव आणि खाली एक शब्द, ‘कलमी’. मी टोमॅटोचं रोप लावतात तशी खोल लावली, कलमाचा जोड मातीखाली गाडून. रोज पाणी घातलं. फेब्रुवारीत पालवी फुटली, मी स्टेटस टाकलं, लोकांनी हार्ट दिले.

जुलै २०२२ च्या पावसात आमची काळी माती आठ दिवस चिखल होऊन राहिली. एका रोपाची पानं पिवळी पडली, मग तपकिरी. ऑगस्टमध्ये उपटलं तेव्हा मातीलगतची साल बोटानेच निघाली, आतून कुजकट वास. दुसरं रोप पावसातून वाचलं आणि पुढच्या एप्रिल-मेच्या उन्हात गेलं. सोळा महिन्यांत प्रकल्प बंद.

तेव्हा घरी नाना आले होते. नाना म्हणजे माझे मोठे काका. तळेगावच्या बाजूला त्यांची शेती. आधी द्राक्षं होती, नंतर डाळिंब. वाळलेलं रोप हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “कलमी होतं म्हणतेस. पण कशावर कलम केलेलं?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“अगं बाई, खुंट कोणता होता? आंबा असो नाहीतर द्राक्षं, वर एक झाड असतं आणि खाली दुसरं. खालचं कोणतं?”

मला माहीत नव्हतं. विकणाऱ्याला मेसेज केला. उत्तर आलं, “मॅडम, कलमी आहे.”

बघा, मी बीटेक इंजिनिअर. फोन घ्यायचा असला तर प्रोसेसर कोणता, बॅटरी किती, सगळं बघून घेते. इथे मी फक्त स्क्रीन बघून फोन घेतला होता.

तर खुंट म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. सफरचंदाची बी लावली तर आईसारखं फळ येत नाही. म्हणून हव्या त्या जातीची काडी किंवा डोळा दुसऱ्या झाडाच्या मुळावर बसवतात. वरच्या भागाला सायन म्हणतात, खालच्याला खुंट किंवा रूटस्टॉक. फळ कसं लागणार, त्याचा रंग, चव, त्याला थंडी किती लागणार, हे मुख्यतः वरचा भाग ठरवतो. झाड ६ फूट होणार की २५ फूट, कोणती जमीन सहन करणार, पाण्याचा ताण किती झेलणार, मुळाशी कोणता रोग लागणार, फळ कितव्या वर्षी येणार, यात मोठा वाटा खालच्याचा. म्हणजे खरेदी एक असली तरी निवडी दोन आहेत. आपण एकच करतो.

नाना त्या दिवशी तासभर बोलले. मी इंग्रजी साइट्सवर शोधत होते ते अर्धं ज्ञान आमच्याच ओसरीवर बसलेलं होतं. द्राक्षाची गोष्ट त्यांच्याकडूनच कळली. पूर्वी आपल्याकडे थॉम्पसन द्राक्षाची काडी सरळ जमिनीत लावायचे, वेल स्वतःच्याच मुळावर वाढायची. मग पाणी कमी पडायला लागलं, विहिरी-बोअरचं पाणी खारं व्हायला लागलं आणि बागा बसायला लागल्या. त्यावर उपाय म्हणून डॉगरीज आलं. ही अमेरिकेतल्या टेक्सासकडची जंगली द्राक्षवेल. पाण्याचा ताण आणि क्षार बऱ्यापैकी सोसते. शेतकरी आधी ही ‘जंगली’ लावतात, ती वाढली की पाऊस सरता सरता तिच्यावर पाचर कलम करून थॉम्पसन किंवा दुसरी जात चढवतात. आज नाशिक-सांगली पट्ट्यात नवी बाग लावणारा माणूस खुंटाचा विचार केल्याशिवाय पुढे जात नाही.

फ्रान्समध्ये हेच वेगळ्या कारणाने झालं होतं. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीने द्राक्षाची मुळं खाऊन बागाच्या बागा संपवल्या. शेवटी उपाय निघाला तो अमेरिकन वेलींच्या मुळांवर युरोपची द्राक्षं चढवण्याचा. त्या मुळांना ती कीड सोसत होती.

आणि एक गंमत. एस्पॅलिअरचे फोटो मी नानांना दाखवले तर ते म्हणाले, “हा तर ओलांडा आहे.” द्राक्षवाल्यांना हा शब्द माहीत असेल. वेलीची आडवी फांदी तारेवर नेऊन पक्की करतात, तो ओलांडा. आडव्या फांदीचा जोर कमी होतो आणि ती फळाकडे वळते. मी जे ‘फॉरेन’ समजत होते ते नाना वीस वर्षं करत आले होते, फक्त वेलीवर.

आता सफरचंदाचे खुंट. इथे तुम्हाला ‘एम’ आणि ‘एमएम’ अशी नावं दिसतील. घाबरू नका.

इंग्लंडच्या केंट परगण्यात ईस्ट मॉलिंग नावाचं संशोधन केंद्र आहे, १९१३ साली सुरू झालेलं. युरोपात ठेंगणे खुंट शेकडो वर्षं वापरात होते, पण नावांचा नुसता गोंधळ. एकाच नावाने भलतंच झाड मिळायचं. रोनाल्ड हॅटन नावाच्या शास्त्रज्ञाने ते सगळे गोळा केले, लावून पाहिले, वेगळे केले आणि जुनी नावं बाजूला ठेवून नंबर दिले. मॉलिंगचा एम. यात एक गोष्ट लक्षात ठेवा, नंबर म्हणजे हजेरीपटावरचा रोल नंबर आहे. उंचीचा क्रम नाही. एम-२७ हा एम-९ पेक्षाही ठेंगणा आहे.

एमएम म्हणजे मॉलिंग-मर्टन. मर्टन इथल्या जॉन इनेस संस्थेबरोबर मिळून केलेले खुंट. त्यांचा हेतू होता लोकरी माव्याला दाद न देणारी मुळं तयार करणं. उसावरचा लोकरी मावा आपल्याला माहीत आहे. सफरचंदाचा मावा वेगळा, पण तसाच पांढरा कापूस अंगावर घेऊन बसणारा, आणि तो मुळांवरही बसतो. ‘नॉर्दर्न स्पाय’ नावाच्या अमेरिकन सफरचंदाला तो फारसा लागत नाही, म्हणून तिच्याशी संकर करून ही मालिका काढली.

हे खुंट बियांपासून करत नाहीत. मातृझाड जमिनीलगत कापतात, फुटवे आले की त्यांच्याभोवती मातीची भर देतात, फुटव्यांना मुळं सुटली की ते तोडून घेतात. म्हणजे जगातला प्रत्येक एम-९ हा एकाच झाडाची कॉपी आहे. म्हणूनच तो कसा वागेल हे आधी सांगता येतं. बियांच्या खुंटाचं तसं नाही, प्रत्येक रोप वेगळं.

एकेकाचा स्वभाव सांगते. उंची ढोबळ आहे, माती आणि हवामानाप्रमाणे बदलते.

एम-२७. सगळ्यात ठेंगणा, ५-६ फूट. पण फार नाजूक, हलक्या जमिनीत खुरटतो.

एम-९. ८-१० फूट. जगभरातल्या हाय डेन्सिटी बागांचा राजा. लवकर फळ देतो. पण मुळं उथळ आणि ठिसूळ, जन्मभर आधार लागतो, पाण्यात खंड चालत नाही. लोकरी मावाही लागतो.

एम-२६. एम-९ पेक्षा थोडा मोठा, साधारण १० फूट. यालाही चांगली जमीन हवी.

एमएम-१०६. १२ ते १५ फूट. इंग्लंडमध्ये एस्पॅलिअरसाठी हा नेहमी सुचवतात. पण पाणी साचणाऱ्या जमिनीत मातीलगतची साल कुजण्याचा रोग याला चटकन लागतो.

एमएम-१११. १५ फुटांच्या पुढे. मुळं खोल जातात, पाण्याचा ताण सोसतो, भारी-हलकी दोन्ही जमिनीत तग धरतो, लोकरी माव्याला पुरून उरतो. फळाला मात्र थोडा उशीर करतो.

आणि बियांचा खुंट. २० फूट, २५ फूट, कितीही. खर्च कमी, म्हणून स्वस्त रोपं बऱ्याचदा यावरच असतात.

पाच फुटांच्या भिंतीसाठी यातला कोणता घ्याल? माझं पहिलं उत्तर होतं एम-९. भिंत छोटी, झाड छोटं, सरळ हिशोब. इंग्रजी साइट्सही म्हणत होत्या की छोट्या जागेसाठी ठेंगणा खुंट.

पण तो हिशोब केंटचा होता. मला संगमनेरचा करायचा होता.

आधी माती तपासली. बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्रात तपासून मिळते, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातही मिळते. आमच्या मातीचा सामू ८.२, चुनखडी भरपूर. सफरचंदाला सामू ६ ते ७ च्या मधला आवडतो. चुनखडीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे द्राक्ष-डाळिंबवाल्यांनी पाहिलेलं असतं. शिवाय काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात लगदा. उथळ मुळांचं यात काय होणार?

मग पाणी. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येईलच असं नाही, मी पुण्यात, आईचे गुडघे दुखतात. एम-९ ला रोज कोणीतरी लागतं. आमच्या घरात ते ‘कोणीतरी’ नव्हतं.

मग ऊन. इंग्लंडमध्ये झाड भिंतीला लावतात ते ऊब मिळावी म्हणून. तिकडे दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत म्हणजे भाग्य. आपल्याकडे पारा चाळिशीला जातो. पश्चिमेचं ऊन खाणारी भिंत संध्याकाळी तव्यासारखी तापते आणि रात्रीपर्यंत तापच सोडत राहते. नशिबाने आमच्या भिंतीचं तोंड पूर्वेला आहे. सकाळचं ऊन, दुपारनंतर सावली. तुमची पश्चिमेची भिंत असेल तर भिंत विसरा, मोकळ्या जागेत दोन अँगल रोवून तारा ओढा.

एवढं सगळं मांडल्यावर उत्तर बदललं. एमएम-१११.

तुम्ही म्हणाल, १५ फुटी झाड ५ फुटी भिंतीवर? मलाही तीच शंका होती. पण आपण उंची वापरतच नाही, रुंदी वापरतो. २८ फुटांची भिंत, दोन झाडं, प्रत्येकाला १४ फूट, म्हणजे दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचे ओलांडे. एम-९ ला एवढं पसरायचा दम नसतो, त्याची तीन झाडं लावावी लागली असती. आडव्या फांद्या आणि वेळच्या वेळी छाटणी, याने जोर आवरता येतो. शिवाय आपल्याकडे थंडी कमी पडली की सफरचंद मुळात मंद वाढतं. मंद झाडाला मंद मुळं दिली की खुरटतं. म्हणून गरम भागात जोमदार खुंट धरतात. तुम्ही फ्लॅटमध्ये, गच्चीवर ड्रममध्ये लावणार असाल, माती स्वतः मिसळून भरणार असाल आणि रोज पाणी घालायला माणूस असेल, तर एम-९ किंवा एम-२६ चा विचार जरूर करा. प्रश्न तेच, उत्तर जागेप्रमाणे बदलतं.

आता वरचा भाग. सफरचंदाला हिवाळ्यात झोप लागते, ती मोजतात थंडीच्या तासांत, म्हणजे साधारण ७ अंशांच्या खाली गेलेले तास. काश्मीर-हिमाचलच्या नेहमीच्या जातींना हजाराच्या आसपास तास लागतात. आपल्याकडे निफाडचा पारा घसरला की बातमी होते, पण ती थंडी पहाटेचे काही तास आणि तीही मोजक्या रात्री. म्हणून कमी थंडीच्या जाती. ‘अॅना’ ही इस्रायलमध्ये तयार झालेली. ‘डॉर्सेट गोल्डन’ बहामा बेटांवर सापडलेली. आणि आपली एचआरएमएन-९९, हिमाचलमधल्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांची. घराजवळ उगवलेलं एक रोप त्यांनी हेरलं, जपलं, वाढवलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कौतुकाचीच गोष्ट आहे. पण लक्षात घ्या, ही तिन्ही नावं वरच्या भागाची आहेत. एचआरएमएन-९९ असं लेबल वाचून खाली काय आहे ते कळत नाही.

मी अॅना आणि डॉर्सेट गोल्डन घेतली, कारण अॅनाला परागीकरणासाठी जोडीदार लागतो आणि दोघी साधारण एकाच वेळी फुलतात. विकणाऱ्याकडून खुंटाचं नाव मेसेजवर लिहून घेतलं. रोपं ओल्या भुशात गुंडाळून, बिनमातीची आली, त्यामुळे मुळं बघता आली. बियांच्या रोपाला बहुतेक वेळा एक जाड सोटमूळ किंवा त्याचा कापलेला बुंधा दिसतो. भर देऊन केलेल्या खुंटाला तसं नसतं, चारी बाजूंनी बारीक मुळं फुटलेली दिसतात. ही काही पक्की परीक्षा नाही, पण अंदाज येतो.

जानेवारी २०२४ मध्ये लावली. या वेळी गादीवाफा करून, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच. कलमाचा जोड मातीच्या वर चांगला वीतभर. हे फार महत्त्वाचं आहे. जोड मातीत गेला की वरच्या भागालाच मुळं फुटतात, मग तुम्ही निवडलेल्या खुंटाला काही अर्थ उरत नाही. पहिल्या वेळी मी नेमकं तेच केलं होतं. ड्रिपर खोडापासून लांब. बुंध्याभोवती उसाचं पाचट, पण खोडाला न चिकटवता. भिंतीपासून १० इंच सोडून अँगल, त्यावर तीन तारा, १८, ३६ आणि ५४ इंचांवर. खोडाला बोर्डो पेस्ट, आडव्या फांद्यांना उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा हात.

लावल्या लावल्या रोप पहिल्या तारेच्या जरा खाली छाटलं. आई बघत होती, म्हणाली, “एवढे पैसे घालून आणलंस आणि मुंडकं उडवलंस?” पण तिथूनच तीन फुटवे घ्यायचे असतात. एक वर, एक डावीकडे, एक उजवीकडे. बाजूचे दोन आधी तिरके बांधायचे, वर्षअखेर आडवे करायचे. एकदम आडवे केले तर वाढ थांबते. दर वर्षी एक मजला.

डिसेंबरमध्ये नानांनी आणखी एक गोष्ट शिकवली. झाडावर पानं तशीच होती, थंडी नावाला. नाना म्हणाले, “डाळिंबाला बहार धरताना काय करतो आम्ही? ताण देतो, पानगळ करतो, मग पाणी सोडतो. हिलाही तसंच करून बघ.” मी शोधलं तर इंडोनेशियात हेच चालतं. पूर्व जावातल्या बाटू गावाजवळ, विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, सफरचंदाच्या बागा आहेत. तिथे फळं काढून झाली की काही आठवड्यांनी हाताने पानं ओरबाडतात, झाडाला झोपू न देता पुन्हा फुलवतात, वर्षातून दोनदा पीक घेतात. मी पाणी कमी केलं, जानेवारीच्या सुरुवातीला हाताने पानं काढली. फेब्रुवारीत फुलं आली. पांढरी, कडेला गुलाबी. आईने शेजारच्या काकूंना बोलावून दाखवली.

आता खरा आकडा. जून २०२५ मध्ये हाताशी आलेली सफरचंदं नऊ. मेच्या अखेरीस पाऊस लवकर कोसळला, काही गळाली, काही बुलबुलांनी टोचली. नऊपैकी चार खाण्यासारखी. छोटी, फिकट, पण रसाळ, आंबटगोड. पाने अजूनही अधूनमधून पिवळी पडतात, चिलेटेड लोह द्यावं लागतं. खुंट चांगला निवडला म्हणून संगमनेरचं शिमला होत नाही. पण दोन पावसाळे, दोन उन्हाळे झाले, आणि दोन्ही झाडं उभी आहेत.

आता त्या लाखाच्या गोष्टीकडे येऊ.

नानांच्या डाळिंबाला गेली दोन-तीन वर्षं मर लागली होती. झाड बघता बघता वाळतं, शेजारचं वाळतं, ओळ जाते. यंदा सप्टेंबरच्या पावसानंतर त्यांनी उरलेली बाग काढली. दिवाळीत आले ते फोन पुढे करूनच. व्हिडिओ होता. एक शेतकरी, मागे लाल सफरचंदांनी लगडलेलं झाड, “आता आपल्या मातीत सफरचंद”. नाना म्हणाले, “एकरभर लावतो. तुझ्याकडे आलीच की.”

माझ्या पोटात गोळा आला. माझी नऊ सफरचंदं बघून माणूस एकर लावणार?

कागद घेऊन बसलो. १० बाय १० फुटांवर एकरी साधारण ४३५ रोपं. त्यांना सांगितलेला भाव रोपाला २५० रुपये. म्हणजे एक लाख आठ हजार फक्त रोपांचे. ड्रिप, खड्डे, शेणखत, तारा वेगळ्या. तीन वर्षं उत्पन्न जवळपास शून्य. त्यांची जमीन मुरमाड, उताराची, उन्हाळ्यात बोअर तासभर चालते.

मी म्हटलं, “नाना, खुंट कोणता आहे?”

ते गप्प झाले. मग हसले. माझाच प्रश्न मला, असं काहीतरी पुटपुटले. तिथेच फोन लावला, स्पीकरवर. विकणारा म्हणाला, “हिमाचलचा आहे.” नानांनी पुन्हा विचारलं, “अहो, राज्य नाही, खुंट विचारतोय.” उत्तर आलं, “हाय डेन्सिटीचा आहे, काका, काळजी करू नका.” हाय डेन्सिटी म्हणजे बहुधा एम-९ किंवा त्याच्या जवळचा. खरंच तसा असेल तर मुरमाड जमिनीत, तासभराच्या पाण्यावर तो तगणार नाही. तसा नसेल तर १० बाय १० मध्ये बियांच्या खुंटाची झाडं एकमेकांत घुसणार. दोन्ही बाजूंनी तोटा.

तरी नाना लगेच मानले नाहीत. म्हणाले, “तू हौस करतेस. मला त्या रानातून पोट भरायचंय. रिकामं ठेवून कसं चालेल?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंचवीस-तीस हजार पगारातून हौसेला घालणं वेगळं आणि बाग उपटल्यावर हातात उरलेला शेवटचा पैसा घालणं वेगळं. मी एवढंच म्हटलं की माझी चार सफरचंदं हा पुरावा नाही. बाजारात आपली फिकट, छोटी फळं हिमाचल-काश्मीरच्या फळांशेजारी ठेवून भाव काय येतो, ते आपल्या भागात फळं विकलेल्या माणसाला विचारा. व्हिडिओतल्या झाडाचं तिसरं, पाचवं वर्ष कसं गेलं, तेही विचारा.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. एकरात हरभरा पेरला होता. बांधाला चार सफरचंदं लावायचं ठरवलं, दोन एमएम-१११ वर, दोन एमएम-१०६ वर, उताराला पाणी साचत नाही म्हणून. आणि माती तपासायला दिली. “तीन वर्षं बघू,” म्हणाले. “तोवर तू तुझ्या भिंतीचा हिशोब नीट लिहून ठेव.” आता मी एक शीट केली आहे. छाटणी, फुलं, फळं, पाणी, सगळी नोंद. जानेवारीत नानांच्या चार झाडांचे रकाने त्यात जोडायचे आहेत.

तर मंडळी, या सीझनला तुम्हीही रोप घेणार असाल, सफरचंद असो, लिंबू असो, आंबा असो, पैसे पाठवण्याआधी विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. खुंट कोणता, नावासकट. तो बियांचा की कॉपी केलेला, म्हणजे क्लोनल. आणि माझ्यासारख्या जमिनीत तो कोणी लावला आहे का, तिथे जाऊन बघता येईल का. उत्तर मेसेजवर लिहून घ्या. “कलमी आहे” हे उत्तर धरू नका. आणि त्याआधी स्वतःला एक विचारा, मे महिन्यात पाणी कोण घालणार?

तुमच्या घरी कोणी जुने द्राक्षवाले, संत्रावाले, आंब्याची कलमं बांधणारे असतील तर त्यांच्याशी या विषयावर बोला आणि ते काय म्हणाले ते मला व्हॉइस नोटने पाठवा. पुढच्या एखाद्या भागात ते सगळे आवाज एकत्र ऐकू. आज इथेच थांबते. आई हाक मारतेय, बुलबुल पुन्हा तारेवर येऊन बसलेत. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात.